दारव्ह्याच्या लेथवर लढाऊ विमानाचा पार्ट बनेल का?



दारव्ह्यातली कार्यशाळा संपली आणि लेथवर काम करणारा एक मुलगा मागे थांबला. "सर, विमानाचे पार्ट बनवायचेत. बाबा तीन एकर गहाण ठेवायला तयार आहेत. सीएनसी घेऊन टाकू का?"

मी म्हटलं, "थांब बाबा. मशीन नंतर, आधी गिऱ्हाईक समजून घे." व्हिडिओत हे घाईत झालं, म्हणून इथे नीट सांगतो.

मागणी येते कुठून?

जुन्या शकुंतला रेल्वेला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, हे दारव्हेकरांना सांगायला नको. इतक्या जुन्या इंजिनाचा पार्ट दुकानात मिळत नाही, कुणाला तरी तो घडवावा लागतो.

विमानाचंही तसंच आहे. जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला करणारं जग्वार १९७९ पासून आपल्या हवाई दलात आहे. ते बनवलं ब्रिटन आणि फ्रान्सने, पण त्या दोघांनीही ते कधीच सेवेतून काढलं. म्हणून बाहेरची निवृत्त जग्वार आणून त्यांचे पार्ट काढून वापरावे लागतात. मिग-२७ आपल्याच नाशिकजवळ, ओझरच्या एचएएलमध्ये परवान्यावर बनायचं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि मूळ पुरवठादार वेगवेगळ्या देशांत विखुरले. ते विमान २७ डिसेंबर २०१९ ला निवृत्त झालं, पण धडा राहिला: पार्ट घरी बनला पाहिजे.

त्यासाठीच ऑगस्ट २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने 'सृजन' पोर्टल सुरू केलं. बाहेरून येणाऱ्या कोणत्या वस्तू इथे बनवून हव्यात, ते त्यावर दिसतं. आणि हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय कुठे आहे? आपल्या नागपुरात!

खरी अडचण मापाची नाही

थ्रेशरचा बुश बसला की शेतकरी खूश, पैसे हातात. विमानात तसं चालत नाही. माप अचूक असूनही पार्ट नापास होऊ शकतो, कारण धातू कुठून आला, कोणत्या प्रतीचा, तपासणी कुणी केली, याचा कागद नसतो. आकाशात पार्ट तुटला तर वैमानिकाचा जीव जातो, म्हणून हा कडकपणा. उडणाऱ्या पार्टला वेगळी मंजुरी लागते आणि तिला बराच काळ लागतो. बँकेचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यात सुरू होतो! तीन एकर इथेच जातात.

मग सुरुवात कशी करायची?

१. उद्यम नोंदणी करा. ती मोफत आहे, कुणालाही पैसे देऊ नका.

२. सरकारी खरेदीत सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २५ टक्के वाटा ठेवलेला आहे. जेम पोर्टलवर नाव नोंदवा, निविदा वाचायची सवय लावा.

३. आधी जमिनीवरचं सामान बघा: शिड्या, ट्रॉल्या, चाकांना लावायचे ठोकळे, कव्हर. उडणाऱ्या पार्टपेक्षा इथे शिरणं सोपं.

४. एचएएलला आधीच माल देणाऱ्या मोठ्या वर्कशॉपचं छोटं काम घ्या. ड्रॉइंग वाचायला तिथेच शिकाल.

५. आजपासून प्रत्येक कामाची नोंद ठेवा: माल, माप, तारीख, सही. ट्रॅक्टरच्या पिनेचीसुद्धा.

आणि "डिफेन्सची ऑर्डर मिळवून देतो, आधी पन्नास हजार भरा" म्हणणारा भेटला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

त्या मुलाने जमीन गहाण ठेवली नाही. एक चांगला मायक्रोमीटर आणि दोनशे पानी रजिस्टर घेतलं. विमान अजून लांब आहे, पण रस्ता बरोबर आहे आणि शेत शाबूत आहे.

तुमच्या वर्कशॉपमधल्या शेवटच्या दहा कामांची नोंद आहे का तुमच्याकडे? नसेल, तर आज संध्याकाळीच पहिली ओळ लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!