राजपुत्र पुजारी झाला म्हणजे विरक्त झाला का?

इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याचा चौथा मुलगा खाएमवासेत मेम्फिस नगरीत प्ताह देवाचा 'सेम' (एक वरिष्ठ पुजारीपद) झाला. त्याने राजवाडा त्यागला, असा समज यावरून होतो. आपल्याकडे तो स्वाभाविकच आहे: परंपरेनुसार चक्रधरस्वामी भडोचच्या प्रधानाचे पुत्र, घर सोडून ते गोदाकाठी डोमेग्रामला (आजचे कमालपूर, ता. श्रीरामपूर) राहिले. इजिप्तमध्ये मात्र पौरोहित्य हे राज्याचे पद होते. शिर्डी संस्थानाची व्यवस्थापन समिती सरकार नेमते, तसे. खाएमवासेत पुढे महापुजारी झाला, तरी राजपुत्रच राहिला. मग त्याची श्रद्धा दिखाऊ होती का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सुमारे १,१०० वर्षे जुन्या पिरॅमिडवर त्याने मूळ राजा उनास याचे नाव पुन्हा कोरवले. सक्कारा येथे पिरॅमिडच्या दक्षिण बाजूला तो लेख आजही आहे.