दुवा कोणाच्या दारी उघडतो?

विमानाने जयपूरला जाणारा प्रवासी वस्तुतः उतरतो तो सांगानेरला. विमानतळ तिथे आहे, आणि ज्या छापील कापडासाठी व हातकागदासाठी लोक जयपूरचे नाव घेतात, त्यातले बरेचसे त्याच वस्तीत तयार होते. गेल्या हिवाळ्यात मी तिथे आठ दिवस राहिलो, तो माझ्या भाच्याकडे. भाचा मूळचा साताऱ्याकडचा. पोटापाण्याच्या निमित्ताने राजस्थानात गेला आणि पांढऱ्या जमिनीवरच्या नाजूक बुट्ट्यांच्या नादाला लागून तिथलाच झाला. छिप्यांकडून चादरी व पलंगपोस छापून घ्यायचे आणि परगावच्या व्यापाऱ्यांना धाडायचे, हा त्याचा व्यवसाय. पूर्वी हा व्यवहार पोस्टकार्डावर आणि हुंडीवर चाले. आता तो संगणकावर चालतो.

मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळीच एका जुन्या ग्राहकाचे ई-पत्र आले होते. दोनशे चादरींची मागणी; पत्रात एक दुवा दिलेला, आणि त्या दुव्यावर जाऊन दुपारी बाराच्या आत दर व संख्या कबूल करावी, अशी विनंती. भाच्याने दुवा दाबला. समोर जी खिडकी उघडली ती त्याची रोजची नव्हती. त्याने जपून ठेवलेला परवलीचा शब्द तिला ठाऊक नव्हता, वाचनखुणांची रांग नाहीशी झाली होती, आणि ग्राहकाचे पान तर निम्मे कोरेच दिसत होते. त्याने खिडकी मिटली, पुन्हा दुवा दाबला, पुन्हा तेच. आपला सगळा साठा कोणी पुसून टाकला की काय, या धास्तीने तो घामाघूम झाला. अखेरीस दुव्याचा पत्ता उतरवून घेऊन तो रोजच्या खिडकीत घालण्याची युक्ती त्याला सुचली खरी, पण तोवर बारा वाजून गेले होते. मागणी दुसऱ्या छापखान्याकडे वळली होती.

“मामा,” तो म्हणाला, “माझ्याच घराच्या दारात मला कोणी ओळखलं नाही हो!”

चौकशीअंती कारण कळले ते अगदी क्षुल्लक. त्याच्या दुकानाचे पान तयार करणाऱ्या एका तरुणाने पंधरा दिवसांपूर्वी त्याच ब्राउझरची एक चाचणी-आवृत्ती संगणकावर बसवली होती. नव्या आवृत्तीत पान कसे दिसेल ते त्याला पाहायचे होते. पहिल्यांदा उघडताना त्या आवृत्तीने रीतीप्रमाणे विचारले, ‘यापुढे सर्व दुवे मीच उघडू का?’ आणि त्या तरुणाने, आपण सगळेच करतो तसा, न वाचता होकार दिला. ब्राउझरचे नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. जुनी आवृत्ती जागच्या जागी होती, तिच्यातले सारे सुरक्षित होते. बदलली होती ती फक्त एक नोंद.

या नोंदीला संगणकाच्या परिभाषेत ‘डिफॉल्ट’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द प्रथम बँकेच्या पायरीवर भेटला, आणि कर्ज थकवणाऱ्या माणसाला चिकटून राहिला. त्यामुळे सज्जन माणसाला तो जरा अंगावर येतो. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ कसूर, उणीव असा. प्रतिवादी तारखेला हजर राहिला नाही की न्यायालय त्याच्या गैरहजेरीत जो निकाल देते, त्यालाही इंग्रजीत हेच विशेषण लावतात. आपल्या दिवाणी कोर्टातला ‘एकतर्फी हुकूमनामा’ तो हाच. संगणकातल्या डिफॉल्टचा अर्थ मला या कोर्टाच्या वाटेने जितका चटकन उमगला तितका कोणत्याही पाठ्यपुस्तकातून उमगला नाही. आपण निवड करायला हजर नसतो तेव्हा यंत्राने आपल्या वतीने दिलेला निकाल, तो डिफॉल्ट. हा निकाल फिरवता येतो. मात्र त्यासाठी आपण हजर व्हावे लागते.

आता हा निकाल यंत्र कसा देते ते पाहू. पत्रातला दुवा आपण दाबतो तेव्हा पत्र दाखवणारा कार्यक्रम तो स्वतः उघडीत नाही. तो दुवा संगणकाच्या कार्यप्रणालीच्या, म्हणजे विंडोज, लिनक्स, मॅक किंवा भ्रमणध्वनीवरील अँड्रॉइड यांपैकी जी असेल तिच्या, स्वाधीन करतो. ती दुव्याचा आरंभ वाचते: अपूर्णविरामापर्यंतची अक्षरे तेवढी. ती ‘एचटीटीपी’ किंवा ‘एचटीटीपीएस’ असली तर हे जाळ्यावरचे पान, ‘मेलटू’ असली तर पत्र, ‘टेल’ असली तर दूरध्वनी. टपालकचेरीत पाकिटावरचे गाव पाहून पत्र त्या त्या खणात टाकावे, तसा हा प्रकार. मग कार्यप्रणाली आपल्या नोंदवहीत पाहते, की या जातीचा दुवा या घरातल्या माणसाने कोणाकडे सोपवायला सांगितला आहे. तिथे ज्याचे नाव असेल त्याला हाक मारली जाते.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा ही नोंदवही लागतच नव्हती; घरात एकच माणूस असला की हाक कोणाला मारायची हा प्रश्न उद्भवत नाही. आज एकाच ब्राउझरच्या चार-चार आवृत्त्या एका यंत्रावर सुखाने नांदतात. फायरफॉक्सची एक सर्वसामान्य आवृत्ती, एक बीटा, एक विकासकांसाठीची, एक दिवसातून दोनदा बदलणारी ‘नाइटली’, आणि कचेऱ्यांसाठी दीर्घकाळ न बदलणारी आणखी एक. क्रोमच्या रोज बदलणाऱ्या आवृत्तीला ‘कॅनरी’ असे नाव आहे. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून पूर्वी खाणकामगार हा चिमुकला पक्षी पिंजऱ्यातून बरोबर नेत असत. त्या पक्ष्याचे पुढे काय होई हे ठाऊक असणाऱ्याने तरी आपल्या पोटापाण्याचे दुवे या आवृत्तीच्या हाती देऊ नयेत!

जुन्या आवृत्त्या ठेवण्यालाही सबळ कारणे असतात. पुष्कळ कचेऱ्यांची पाने एके काळी केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्येच नीट चालत. तो ब्राउझर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला, तरी त्याच्यासारखे वागण्याची सोय मायक्रोसॉफ्टला आपल्या ‘एज’मध्ये ठेवावी लागली, आणि ती निदान २०२९ पर्यंत चालू ठेवण्याचे वचन द्यावे लागले. विंडोज ७ वर चालणाऱ्या जुन्या यंत्रांसाठी क्रोमची १०९ वी आवृत्ती शेवटची ठरली. तेव्हा एका घरात दोन आवृत्त्या असणे ही चैन नव्हे. बहुधा ती गरज असते.

या आवृत्त्यांना कार्यप्रणाली वेगवेगळ्या ओळखते कशा, हे कळले की निम्मा गोंधळ मिटतो. प्रत्येक आवृत्ती बसवताना ती नोंदवहीत स्वतःचे एक निराळे नाव लिहिते. विंडोजवर फायरफॉक्स ज्या कप्प्यात बसवला त्या कप्प्याच्या पत्त्यावरून एक सांकेतिक संख्या काढून ती आपल्या नावाला जोडतो. म्हणून नवी आवृत्ती जुन्याच कप्प्यात बसवली तर ती जुनीची जागा घेते. वेगळ्या कप्प्यात बसवली तर दोन्ही राहतात. माणसाला मात्र ही संख्या दिसत नाही. त्याला यादीत एकाच नावाची, एकाच चित्राची दोन कुळे दिसतात, आणि कोणावर बोट ठेवावे ते कळत नाही. अशा वेळी सोपा मार्ग असा, की जी आवृत्ती हवी ती स्वतः उघडावी आणि तिच्याच सेटिंग्जमध्ये जाऊन तिला डिफॉल्ट करावे. दावेदाराने स्वतः कोर्टात उभे राहण्यासारखेच ते आहे.

दुसरी गोष्ट वाचनखुणांची. मे २०१९ मध्ये आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सने प्रत्येक स्थापनेला तिचे स्वतंत्र बिऱ्हाड दिले. त्याला ‘प्रोफाइल’ म्हणतात. खुणा, परवलीचे शब्द, इतिहास हे सारे त्या बिऱ्हाडात राहते. दुवा दुसऱ्या आवृत्तीत उघडला की तो दुसऱ्या बिऱ्हाडात उघडतो, आणि तिथे आपले सामान नसते. ते हरवलेले नसते, शेजारच्या खोलीत असते. शिवाय नव्या आवृत्तीने वापरलेले बिऱ्हाड जुन्या आवृत्तीला सहसा उघडू देत नाहीत, कारण नवीने मांडामांड बदललेली असते आणि जुनीच्या हातून त्यात मोडतोड व्हायची. हे ठाऊक नसल्यामुळे घाबरून सगळेच पुसून नव्याने बसवणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि खरे नुकसान बहुधा त्या पुसण्यानेच होते.

मग नोंद बदलायची कशी? विंडोजवर सेटिंग्ज, तेथून ॲप्स, तेथून डिफॉल्ट ॲप्स. हवी ती आवृत्ती निवडावी आणि ‘सेट डिफॉल्ट’ म्हणावे. मॅकच्या अलीकडच्या प्रणालीत ही निवड ‘डेस्कटॉप अँड डॉक’ या सदराखाली ठेवली आहे. ती तिथे का ठेवली हे मात्र मला अजून समजलेले नाही. अँड्रॉइडवरही ॲप्समध्ये डिफॉल्ट ॲप्स आणि त्यात ब्राउझर. एवढे झाले की स्वतःलाच एक पत्र पाठवून त्यातला दुवा दाबून पाहावा. ही शेवटची पायरी लोक गाळतात. ती गाळू नये, कारण ‘एचटीटीपी’ आणि ‘एचटीटीपीएस’ या नोंदवहीतल्या दोन वेगळ्या ओळी आहेत. एक बदलून दुसरी तशीच राहिली, तर काही दुवे एका दारी आणि काही दुसऱ्या दारी जातात, आणि माणूस यंत्राला चेटूक झाले असे मानू लागतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आली तेव्हा या ओळी एकेक करून बदलाव्या लागत. पुष्कळ ओरड झाल्यावर २०२२ च्या वसंतात सर्व ओळी एका बटणाने बदलण्याची सोय झाली.

ही कटकट मुळात का, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारील. पूर्वी ती नव्हती. विंडोज एक्सपीच्या काळी कोणताही ब्राउझर स्वतःच नोंदवहीत स्वतःचे नाव लिहू शके. परिणाम असा झाला, की दोन ब्राउझर एकमेकांची नावे खोडून आपली लिहीत बसत, आणि घरधन्याला कोणी विचारीतच नसे. विंडोज ८ पासून नोंदीला एक सांकेतिक मोहोर जोडली गेली. ही मोहोर कार्यप्रणाली उमटवते, आणि ती जुळली नाही तर नोंद धरली जात नाही. घरधन्याच्या हक्काचे रक्षण हा त्याचा हेतू सांगितला गेला. परंतु मोहोर ज्याच्या हाती आहे त्याचाही स्वतःचा एक ब्राउझर असतो, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. २०१५ च्या जुलैत विंडोज १० आली तेव्हा मोझिलाचे प्रमुख ख्रिस बेअर्ड यांनी याविरुद्ध मायक्रोसॉफ्टला जाहीर पत्र लिहिले होते.

एका ओळीच्या नोंदीला इतके मोल का, याचे उत्तर न्यायालयांच्या निकालांत सापडते. युरोपीय आयोगाच्या आग्रहाने मायक्रोसॉफ्टला २०१० पासून ग्राहकांपुढे ब्राउझरांची यादी ठेवावी लागली. ती यादी मधल्या काळात दिसेनाशी झाली, म्हणून २०१३ च्या मार्चमध्ये ५६ कोटी १० लक्ष युरोंचा दंड झाला. गूगलने आपले शोधयंत्र डिफॉल्ट राहावे म्हणून २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम इतरांना दिली, ही गोष्ट अमेरिकेतील खटल्यात उघड झाली. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने मक्तेदारी कायद्याविरुद्ध राखल्याचा निर्णय दिला. माणसे गैरहजर राहतात, या एका भरवशावर इतका पैसा ओतला जातो.

यातला एक धागा तर जयपूरचाच आहे. १९८३ पासून त्या शहरात ‘कट्स’ ही ग्राहकांची संस्था काम करते. गूगल आपल्या शोधनिकालांत पक्षपात करते अशी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे २०१२ मध्ये करणाऱ्यांत ती एक होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयोगाने १३५ कोटी ८६ लाख रुपयांचा दंड केला. पुढे अँड्रॉइडच्या निराळ्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये १३३७ कोटी ७६ लाखांचा दंड झाला, आणि नवा भ्रमणध्वनी सुरू करतानाच ग्राहकाला शोधयंत्र निवडू द्यावे, असा आदेशही त्यात होता. दंड अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये कायम केला.

भाच्याला हे सारे मी त्याच संध्याकाळी सांगितले. त्याला खटल्यांत फारसा रस नव्हता. त्याने जुनी आवृत्ती पुन्हा नोंदवहीत बसवली, स्वतःला पत्र पाठवून दुवा दाबून पाहिला, आणि मला छापखान्यात घेऊन गेला. तिथे लांब मेजावर पांढरे कापड ताणून बसवलेले होते. रेघांचा ठसा ‘रेख’, जमिनीचा ‘गद’, रंग भरायचा ‘दत्ता’. असे प्रत्येक बुट्टीचे तीन ठसे शेजारी मांडलेले. एका बुट्टीचे मात्र दोन रेख-ठसे होते: एक झिजलेला जुना आणि एक नुकताच कोरून आणलेला. दुरून दोन्ही सारखेच दिसत. कारागिराने नव्या ठशाच्या मुठीला तांबडा दोरा बांधला होता. भाचा तो दोरा क्षणभर पाहत राहिला. मग घरी येऊन त्याने संगणकावरच्या चाचणी-आवृत्तीच्या चित्राखालचे नाव बदलले आणि तिथे मराठीत लिहिले, ‘पोराची, हात लावू नये’.