गाळ काढायचा, पण टाकायचा कुठे?

पुण्याच्या सारसबागेत आज हिरवळ दिसते तिथे पेशवाईत तळं होतं. पालघरच्या एखाद्या बागेतलं गाळाने भरलेलं तळं असंच बुजवावं का? चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो तिथे हा शुद्ध वेडेपणा. तेच पाणी घरांत शिरेल. मग गाळ उपसायचा. तळाच्या काळ्या चिखलातला प्राणवायू संपला की त्यात अडकलेला फॉस्फरस सुटतो आणि जलपर्णी माजते, त्यामुळे उपसा फायद्याचाच. पण पालघर जिल्ह्यातलं बोईसर-तारापूर म्हणजे रासायनिक कारखान्यांचा पट्टा! जड धातू चिखलाच्या बारीक कणांना चिकटून बसतात. तेव्हा ‘गाळयुक्त शिवार’ म्हणत गाळ शेतात टाकायला ट्रॅक्टर भरण्याआधी त्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा. शिवाय तळ्यात येणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी गाळ अडवणारा खड्डा हवाच; तो मात्र दर उन्हाळ्यात साफ करावा लागतो.