क्रोशाची सुई आणि मोबाईलची पिशवी : हुन्नर हाती आहे, हिशेबही हाती घ्या

आपल्या बऱ्याच घरांतून आई-बहिणींना क्रोशाचे काम येते. नमाजची जाळीदार टोपी, दुपट्ट्याची कड, ट्रेवरचा रुमाल, लग्नात द्यायची झालर ही कामे आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे आली. मात्र या कामाकडे धंदा म्हणून फारसे पाहिले गेले नाही. ते फुरसतीचे काम समजले गेले.

आज याच सुईला नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. मोबाईल, टॅबलेट आणि इअरफोनची डबी ठेवण्यासाठी मांजर, ससा, अस्वल, बेडूक अशा रूपाच्या विणलेल्या पिशव्या कॉलेजच्या मुलामुलींना आवडतात. ही आवड मूळ जपानची. तिथे विणलेल्या लहान प्राण्यांना ‘अमिगुरुमी’ म्हणतात. नाव परके असले तरी काम परके नाही. टोपीची सुरुवात मध्यापासून होते. ६ टाके, मग १२, मग १८ असे प्रत्येक फेऱ्यात ६ टाके वाढवत गेले की सपाट चकती तयार होते. वाढवणे थांबवले की ती वाटीसारखी वळते. प्राण्याचे डोकेही याच रीतीने होते. जिला टोपी येते, तिला हे काम आठवड्यात येईल.

पिशवी कशी करावी

साधारण साडेसात सेंटीमीटर रुंद आणि १६ सेंटीमीटर लांब मोबाईल धरू. मध्यम जाडीचे सुती सूत आणि ३ मिलिमीटरची सुई घ्यावी. १८ साखळ्या घालून त्यांच्या दोन्ही बाजूंनी मुके खांब विणत गेल्यास सुमारे ३६ टाक्यांचा फेरा होतो. हा पिशवीचा तळ झाला. पुढे टाके न वाढवता गोल फिरत सुमारे ३५ फेरे विणावेत. प्रत्येकीचा हात कमी-जास्त घट्ट असतो, म्हणून पहिले पाच-सहा फेरे झाले की मोबाईल आत घालून पाहावा. पिशवी किंचित घट्टच हवी, कारण वापराने वीण सैल पडते. कान आणि शेपूट वेगळे विणून शेवटी पक्के शिवावेत.

माल परत येऊ नये म्हणून तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, धातूचे बटण लावू नये, त्याने काचेवर ओरखडे येतात. लाकडी बटण आणि दोऱ्याची फासणी पुरते. दुसरी, आतून मऊ कापडाचे अस्तर द्यावे. दर्ज्याकडचे कटपीस स्वस्तात मिळतात. तिसरी, गिऱ्हाईकाला सांगावे की चार्जिंग करताना मोबाईल पिशवीतून बाहेर काढावा, कारण विणलेल्या पिशवीत उष्णता कोंडते.

प्राण्याच्या रूपाचा सवाल

काही भगिनी विचारतात की प्राण्याची आकृती करणे जाइज आहे काय? हदीसमध्ये हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांचा उल्लेख येतो, आणि चित्रे-आकृतींबाबत सक्त ताकीदही येते. उलेमांमध्ये याबाबत मतभेद आहेत. हे पान व्यापाराचे आहे, फतव्याचे नाही. आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून दिलाचे समाधान करून घ्यावे. ज्यांना शंका वाटते त्यांच्यासाठी बाजारात रस्ता आहे. डोळे-तोंड न काढता नुसते दोन कान आणि शेपूट लावलेली पिशवीही मांजराची म्हणून ओळखली जाते. फुले, पाने, चंद्र-तारे यांनाही मागणी असते.

खरा प्रश्न मजुरीचा

३६ टाके गुणिले ३५ फेरे म्हणजे १,२६० टाके. हा प्रत्येक टाका हाताने पडतो. ‘क्रोशे मशीन’ नावाचे यंत्र बाजारात आहे, पण त्यावर निघते ती वेगळ्या विणीची लेस. हातच्या क्रोशासारखे काम कारखान्यात भराभर काढणारे यंत्र धंद्यात आलेले नाही. म्हणून क्रोशाची वस्तू फारच स्वस्त दिसली, तर कुणाचे तरी तास स्वस्तात घेतले गेले असे समजावे.

आंध्र प्रदेशातील नरसापूरचे उदाहरण पाहा. तेथील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणतात आणि ती परदेशात जाते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली या स्त्रियांवर पुस्तक लिहिले. त्यांनी दाखवले की दिवसाचे अनेक तास विणूनही या स्त्रियांना ‘घरी बसलेल्या’ समजले जाते, मजुरी अगदी थोडी मिळते आणि नफा व्यापारी-निर्यातदारांकडे जातो. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. मालाला नाव मिळाले ही खुशीची बाब आहे. पण मजुरीचा हिशेब प्रत्येकीला स्वतःच मांडावा लागतो.

तो असा मांडावा. समजा, एका पिशवीला कान-अस्तरासह ४ तास लागले आणि तासाला ६० रुपये धरले, तर मजुरी २४० रुपये. सूत, अस्तर, बटण ५० रुपये. एकूण २९०. दुकानदाराचे ८० मिळवले तर विक्री ३७० रुपये. आता एखादा व्यापारी सूत देऊन नगाला ५० रुपये मजुरी देत असेल, तर तासाला साडेबारा रुपयेच पडतात. हा हिशेब न मांडल्यामुळेच बहिणी ‘काही नाही त्यापेक्षा बरे’ म्हणून काम घेतात.

३७० रुपये देणारे गिऱ्हाईक नसेल तर मजुरी कापू नये, वस्तू बदलावी. इअरफोनच्या डबीची पिशवी दीड तासात होते असे धरले, तर मजुरी ९०, सामान २०, दुकानदाराचे ३०, म्हणजे १४० रुपये. एवढी रक्कम भेट म्हणून देणाऱ्याला जड वाटत नाही.

कागदपत्रे

विकास आयुक्त (हस्तकला) यांच्या कार्यालयाकडून कारागिरांना ‘पहचान’ ओळखपत्र मिळते. ते जरूर काढावे. पुढे विणलेली खेळणी करायची झाल्यास त्याचा उपयोग आहे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, पण या कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट दिली गेली.

शेवटी आम्हा व्यापारी बांधवांसाठी दोन शब्द. मजुरी काम देण्याआधी ठरवा, वहीत लिहा, एक प्रत तिच्याकडे द्या आणि माल हाती येताच पैसे चुकते करा. ‘माल विकल्यावर देतो’ ही उधारी गरीब घरावर टाकू नका. मजुराचा हक्क वेळेवर देण्याची ताकीद आपल्या दीनमध्ये किती सक्त आहे, हे कोणाला सांगायला नको. हिशेब साफ असेल तर कारीगर टिकते, कारीगर टिकली तर माल चांगला येतो, आणि अशा धंद्यात, इन्शाअल्लाह, बरकतही राहते.