किल्ली कुणाकडे?

पहाटे साडेपाच. मे महिन्यात नागपुरात वस्तीत काम करायचं तर उन्हाच्या आधी बाहेर पडावं लागतं. साडेदहानंतर गल्लीबोळांत फिरणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे उत्तर नागपुरातलं आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं कार्यालय सहाला उघडतं. किल्ली माझ्याकडे नसते. ती दहावीत दोनदा नापास झालेल्या एका पोराकडे असते, आणि हे मुद्दाम ठरवलेलं आहे. तो आला नाही तर कुलूप निघत नाही, माठ भरले जात नाहीत, सगळे दारात ताटकळतात. इथे काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडे त्याच्यावाचून अडेल असं एक तरी काम द्यायचं, हा आमचा सगळ्यांत कडक नियम.

सध्या पाच जण आहेत. सहा वाजता त्यांतले चौघं जमतात. किल्लीवाला. बारावी झालेली एक कर्णबधिर मुलगी. समाजकार्य महाविद्यालयातून क्षेत्रकार्यासाठी आलेला एक विद्यार्थी. पायाने अधू असलेला एक जण, जो कुबडी घेऊनही माझ्यापेक्षा भरभर चालतो. पाचवी, लेकरू कडेवर असलेली वीस वर्षांची आई, अकराला येते. तिची वेळ तिच्या घरच्या पाण्याच्या वेळेवरून ठरली आहे.

साडेसहा ते नऊ सर्वेक्षण. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात एकटी राहणारी म्हातारी माणसं, गरोदर बाया, दुखणाईत यांची यादी करायची, ओआरएसची पाकिटं द्यायची, पुन्हा कधी जायचं ते लिहायचं. जोड्या आम्ही ठरवून लावतो. किल्लीवाला आणि कर्णबधिर मुलगी एकत्र. तो बोलतो, ती नोंदवते.

आज एका दारात त्याने बाहेरूनच विचारलं, ‘‘आजी, पंखा हाय नं?’’

‘‘हाय नं बापा.’’

त्याने खूण केली आणि तो पुढच्या घराकडे वळला. मुलीने त्याची बाही धरून त्याला थांबवलं, चप्पल काढून ती आत गेली. पंखा खरोखर होता. तिने बटण दाबलं, दुसरं दाबलं, मग वर मीटरकडे बोट दाखवलं. वीज कापलेली होती. परत येऊन तिने त्याच्या हातातला कागद घेतला, ‘पंखा आहे’ समोरची खूण खोडली आणि शेजारी लिहिलं : चालत नाही, वीज नाही. तो ओशाळला. ‘‘मी आत जाऊन पायलंच नाही ताई,’’ असं तो आपणहून म्हणाला. मी काही बोलले नाही. मी सांगितलं असतं तर ती सूचना ठरली असती. सोबत काम करणाऱ्या मुलीने पकडलं, म्हणून ते उद्यापासून त्याचं काम झालं.

दोघांच्या खुणा बऱ्याचशा त्यांनीच जमवलेल्या आहेत. बाकीच्या मोबाइलवर बघून घेतात. भारतीय सांकेतिक भाषेच्या सरकारी डिजिटल कोशात २०२१ पासून दहा हजार शब्द आहेत. दुभाषा परवडत नाही म्हणून कर्णबधिर उमेदवाराला नाही म्हणणाऱ्या संस्थांनी निदान तिथून सुरुवात करावी.

साडेनऊला तर्री पोहे. तेवढा अर्धा तास कुणी कामाचं बोलत नाही.

अकरा. लेकरू साडीच्या झोळीत झोपतं आणि त्याची आई फोन घेऊन बसते. काल यादीत आलेल्यांची चौकशी : पाणी प्यायलात का, चक्कर तर नाही आली? तिचे तीनच तास, पण दर तासाचं मानधन सगळ्यांना सारखं, आणि ते तिच्या स्वतःच्या बँक खात्यात. खातं तिचंच हवं, यावर आम्ही अडून बसलो होतो.

मी तोवर कागदपत्रं बघते. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. तेव्हा बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार असं विद्यावेतन ठरलं. तरुणांना काम करताना पैसे मिळावेत हा विचार मला मनापासून पटतो. पण अट बारावीपासून सुरू होते. किल्लीवाला तिथे उभाच राहू शकत नाही, आणि अनुभवाची गरज सगळ्यांत जास्त त्यालाच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. शाळा अर्ध्यावर सुटणं मात्र कुठल्याच यादीत बसत नाही. अशांना सामावून घेण्याची जबाबदारी वस्तीतल्या छोट्या संस्थांवर येऊन पडते, आणि त्यांच्याकडे पैसा सर्वांत कमी असतो. आमचं मानधन लोकवर्गणीतून निघतं. दर महिन्याला धाकधूक असते.

एक ते चार कुणी बाहेर पडायचं नाही. पंखा, माठ, नोंदी.

साडेपाच. मैदान. नागपुरात या कामाचा रस्ता फुटबॉलने आधीच मळवून ठेवला आहे. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुलं पाहिली, त्यांच्या हाती चेंडू दिला, आणि २००१ मध्ये ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. २०१६ मध्ये त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. २०२२ च्या ‘झुंड’ या सिनेमामुळे बारसे घराघरांत पोचले. मला त्या गोष्टीतला सिनेमात कमी आलेला भाग मोलाचा वाटतो : तिथे खेळलेली पोरं पुढे तिथेच प्रशिक्षक झाली. खेळणाऱ्याला शिट्टी दिली की तो दुसऱ्यांची जबाबदारी घ्यायला लागतो.

आमच्याकडे शिट्टीही नाही. ‘फुटबॉल-३’ नावाची एक पद्धत आहे. तीत पंच नसतो. खेळाआधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग खेळतात, मग पुन्हा बसून कोण नियमाने वागलं याचे गुण देतात. मधे एक मध्यस्थ असतो. ते काम कुबडीवाल्याकडे आहे. आज पोट्ट्यांनी ठरवलं होतं की मुलीने पास दिल्याशिवाय गोल धरायचा नाही. एकाने तसाच गोल मारला आणि हट्टाला पेटला. मध्यस्थाने निर्णय दिला नाही. सगळ्यांना खाली बसवलं आणि त्या पोराला विचारलं, ‘‘नियम कोणं केला होता?’’ भांडण पंधरा मिनिटं चाललं. गोल गेला. महाविद्यालयातला विद्यार्थी हे सगळं वहीत उतरवत होता. त्याच्या क्षेत्रकार्याच्या अहवालात आजचं पान जाईल.

सात. उद्याची वाटणी. आजींची वीज हा पहिला विषय. थकलेल्या बिलाचे हप्ते पाडून मिळावेत म्हणून अर्ज करायचा, आजींची सही घ्यायची, वीज कार्यालयात जायचं. मी विद्यार्थ्याचं नाव सुचवलं, कारण त्याला अर्ज लिहिता येतो. कर्णबधिर मुलीने जोरात मान हलवली आणि स्वतःकडे बोट केलं. नोंद तिची आहे. मग सोबत कोण?

‘‘मी जातो नं ताई,’’ किल्लीवाला म्हणाला. ‘‘मले समजते आता तिचं.’’

अर्ज विद्यार्थी आज रात्री लिहून देईल, सकाळचं सर्वेक्षण तो आणि कुबडीवाला करतील, आणि हे दोघं आजींची सही घेऊन दहाला खिडकीवर उभे राहतील. राहिला प्रश्न किल्लीचा. सहाला कुलूप उघडून किल्लीवाला ती कुबडीवाल्याच्या हवाली करेल. तसं वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या.