एकतिसाव्या मजल्यावरचा कूलर

पहाटे ५.३०
मे महिन्यात धुळ्यात पत्र्याच्या खोलीत काम करायचं तर उन्हाच्या आधी बसावं लागतं. देवपुरातली ही खोली नऊनंतर तापते. खोलीबरोबर लॅपटॉपही तापतो. हवा खेळावी म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांखाली पाण्याच्या बाटल्यांची झाकणं ठेवली आहेत. शेजारी पेन टॅबलेट, सेकंडहँड घेतलेला. त्याला स्क्रीन नाही. हात खाली चालतो आणि नजर समोर पडद्यावर. मुलगा पंचविशीतला. दिवसा फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर, पहाटे आणि रात्री हे काम.

५.४५
फाइल उघडायला वेळ लागतो. चार हजार बाय सहा हजार पिक्सेल, साठच्या वर लेयर. पडद्यावर हळूहळू शहर येतं. असं शहर कुठंच नाही. इमारतीला इमारत चिकटलेली, मध्ये हातभर फट, त्या फटीत जिने, तारा, वाळत घातलेले कपडे. एका विज्ञानकथासंग्रहाचं हे मुखपृष्ठ आहे. काम चालतं क्रिता या सॉफ्टवेअरवर, कारण ते फुकट आहे. फोटोशॉपला दरमहा पैसे भरावे लागतात.

६.१५
रस्त्यावर उभं राहून मान वर केल्यावर दिसेल तसं दृश्य. त्यामुळे उभ्या रेषासुद्धा सरळ नाहीत. त्या वर, चित्राच्या बाहेर, एका बिंदूकडे निघाल्यात. आणखी दोन बिंदू डावी-उजवीकडे. तिन्हींमधून ओढलेल्या फिक्या रेषांचं जाळं सगळ्या चित्राखाली आहे. एक खिडकी त्या जाळ्यातून सुटली की अख्खी भिंत कलते. सुटलेली खिडकी तो पुसतो. पुन्हा काढतो. पुन्हा पुसतो.

आतून आई हाक मारते, "काय करी राह्यना रे? च्या पी ले."

७.१०
चहा पिता पिता जुने फोटो बघणं चालू असतं. हाँगकाँगची कौलून वॉल्ड सिटी. साधारण साडेसहा एकरांत तीस हजारांवर माणसं राहत होती. मजले चौदाच्या आसपास थांबले, कारण डोक्यावरून काई टाक विमानतळाची विमानं उतरायची. १९९३-९४मध्ये ती वस्ती पाडली. दाटीची शहरं रंगवणारे जगभरचे चित्रकार अजून तिच्याकडेच बघून शिकतात. हा बघतो ते पाइप. भिंतीबाहेरून, एकमेकांवरून, वळसे घेत वर गेलेले पाण्याचे पाइप. "पाणी वर कसं गेलं ते दाखवलं, की लोक राहतात असं वाटतं," तो म्हणतो.

७.३०
आज एकतिसावा मजला. तिथं एक खिडकी आहे आणि खिडकीत कूलर. खानदेशातला पत्र्याचा कूलर, तिन्ही बाजूंना गवताची पॅडं, खाली लोखंडी अँगलचं स्टँड. आधी करडा चौकोन. मग कडांवर गंज, पेन कमी दाबून. मग पॅडाचं ओलं गवत. त्यासाठी ब्रश बारीक करून आखूड, आडव्या रेघा. खालच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकतं, म्हणून खालच्या तिसाव्या मजल्याच्या भिंतीवर काळपट ओघळ. त्या ओघळाखाली कुणीतरी बादली टांगली आहे. छापील पुस्तकात हा कूलर तांदळाच्या दाण्याएवढा दिसेल. त्याला पाऊण तास लागला.

मला हे काम इथंच कळलं. खिडक्या कॉपी-पेस्ट करून दहा मिनिटांत हजार करता येतात, पण तशा भिंतीवर नजर ठरत नाही.

९.१५
पांझरा नदीचा पूल ओलांडून पाच कंदील चौकाच्या बाजूला. शेअर रिक्षाचे वीस रुपये. जुनं धुळं आखीव आहे. १८१९च्या सुमारास ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्जनं खानदेशाचं ठाणं इथं केलं आणि नवी पेठ आखली. गल्ल्यांना अजून नंबर आहेत. याच्या चित्रात सरळ गल्ली एकही नाही.

११.००
दुकान. दहा बाय आठचा वाढदिवसाचा बॅनर. मध्ये भाऊ, भोवती चौदा शुभेच्छुक. फोटो व्हॉट्सॲपवर येतात, कुणाचा लग्नातला, कुणाचा आधार कार्डावरचा. प्रत्येक चेहरा कापायचा, उजेड सारखा करायचा, मानाप्रमाणे लहानमोठा बसवायचा. पगार महिना अकरा हजार.

दुपारी १.४५
डबा. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. वीज गेली. छपाईचं मशीन थांबलं. इन्व्हर्टरवर एकच पंखा आणि एक संगणक. तेवढ्यात तीन लग्नपत्रिकांचं प्रूफ उरकलं.

रात्री ९.००
पुन्हा खोली. खोलीतला कूलर लावला, पण टेबल त्याच्या झोतातून बाजूला ओढलं. दमट हवा लॅपटॉपला नको. आता लांबच्या इमारती. नियम असा, की लांबचं फिकं आणि निळसर होत जातं. यानं निळा काढून टाकला. मातकट पिवळा घातला. मेमधल्या दुपारी धुळ्यात लांबचं तसंच दिसतं, धुळीतून. प्रकाशकाचा फोन आला. जरा निऑनच्या पाट्या टाका, परदेशी वाटू द्या. दोन पाट्या टाकल्या. कूलर काढला नाही.

११.२०
पेनाचं प्लॅस्टिकचं टोक घासून तिरपं झालंय. नवं लावलं. जुनं फेकत नाही. जाड रंग भरायला चालतं. फाइल दोन ठिकाणी सेव्ह केली, लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर.

मुखपृष्ठाचे पाच हजार ठरलेत. दोन हजार आगाऊ मिळाले. उरलेले पुस्तक छापून आल्यावर. मुखपृष्ठ करणाऱ्याचं नाव पुस्तकात आतल्या बाजूला, मुद्रक आणि अक्षरजुळणीच्या ओळींजवळ बारीक टायपात असतं. पुढचं पुस्तक हातात घ्याल तेव्हा ते पान उघडून ते नाव वाचा.