आसुडाचा कडाका

खांदेमळणीची संध्याकाळ होती. बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून झालं होतं आणि धाडच्या बाजारातून आणलेला नवा आसूड घेऊन नातू अंगणात सुटला होता. हात मागे नेऊन त्याने असा काही झटका दिला, की कडाड्! गोठ्यातल्या दोन्ही बैलांनी कान टवकारले.

आसूड खाली टाकून तो माझ्याकडे आला. "आबा, आसूड लागला तर कुठंच नाही. ना भिंतीला, ना जमिनीला. मग वाजलं काय?"

एवढा सुंदर प्रश्न फार दिवसांत कुणी विचारला नव्हता. मी त्याला ओट्यावर बसवलं. धाकटी नात आपोआप येऊन टेकली.

"बाळा, आवाज म्हणजे हवेतला धक्का. जत्रेच्या गर्दीत मागच्याने ढकललं की तू पुढच्यावर जातोस, तो त्याच्या पुढच्यावर. माणसं जागच्या जागी, पण धक्का पार देवळापर्यंत पोहोचतो. हवेतला धक्का सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. वीज चमकली की सावकाश मोजायचं. तीन आकड्यांनी गडगडाट ऐकू आला, तर वीज एक किलोमीटरवर पडली समजायचं."

"आणि आसूड?"

"आसूड हातात घे. मुठीकडे जाड आहे, टोकाला सुतळीएवढा. तू झटका देतोस तेव्हा एक बाक मुठीकडून टोकाकडे पळत जातो. तुझ्या हाताचा जोर तेवढाच, पण पुढे पुढे ओढायला आसूड कमी कमी उरतो. ओझं हलकं झालं की बैल कसे पळतात, तसा तो बाक पळतो. टोकाशी येईपर्यंत आवाजालाही मागे टाकतो! एरवी वस्तू येण्याआधी तिची वर्दी धक्क्याने पुढे जाते आणि हवा बाजूला सरते. इथे वर्दीच्या आधी वस्तूच येऊन थडकते. हवेला सरायला सवड मिळत नाही, ती दाटते, तिची भिंत होते. ती भिंत तुझ्या कानावर आदळली, तोच कडाका."

माणसाने घडवलेली आणि आवाजाच्या पुढे गेलेली पहिली वस्तू बहुधा हीच, गुराख्याच्या हातातली. निसर्गाने मात्र हा खेळ केव्हाच मांडला होता. आपल्याच जिल्ह्यातलं लोणार बघा. आवाजाच्या कैक पटींनी वेगाने एक अशनी आला आणि काळ्या बसाल्टमध्ये जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पाडून गेला. त्याची वर्दी कुणाला मिळालीच नसणार.

"विमान जातं का तसं?" नातीने विचारलं. आमच्या गावावरून उंच जाणाऱ्या विमानांच्या पांढऱ्या रेघा ती रोज बघते.

"ती प्रवाशांची. आवाजाच्या आतच राहतात. पण आवाज ओलांडावा म्हणून आपल्या देशात एक विमान घडलं होतं. त्याचं नाव मारुत."

आणि मग मी त्यांना कुर्ट टँक यांची गोष्ट सांगितली.

टँक जन्मले १८९८ मध्ये, ब्रॉमबर्ग गावात. तेव्हा ते जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे. मोठेपणी ते विमानांचे इंजिनिअर झाले. आपण आखलेलं विमान स्वतः उडवून बघणारे इंजिनिअर थोडे, टँक त्यांतले एक. त्यांचं फोके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान वीस हजारांच्या आसपास बनलं. ते हिटलरच्या सैन्यासाठी बनलं, हेही मुलांना सांगायलाच हवं. नातवाने लगेच विचारलं, "म्हणजे तो माणूस वाईट होता?" मी म्हणालो, "त्यांच्या विमानांनी माणसं मारली, शहरं जाळणाऱ्यांची बाजू राखली. ते खरंच आहे. हात फार हुशार होते, हेही खरं. दोन्ही लक्षात ठेव."

जर्मनी हरली. तिथे विमानं बांधायला बंदी आली. टँक खोट्या नावाने अर्जेंटिनाला गेले आणि कोर्दोबाला त्यांनी मागे झुकलेल्या पंखांचं पुल्की-२ हे जेट बांधलं. १९५५ मध्ये तिथले अध्यक्ष पेरॉन यांची सत्ता गेली, टँकचा आधारही गेला. पुढच्याच वर्षी ते बंगळूरला आले. दोन महासागर ओलांडून हा साठीकडे झुकलेला माणूस तिसऱ्यांदा कोऱ्या कागदासमोर बसला.

कागद मात्र रिकाम्या घरात नव्हता. ते घर म्हणजे बंगळूरची हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये उभी केलेली. आणि तिथे कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे होते. घाटगे जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून डॉक्टर झालेले. हवा पृष्ठभागाला कशी चिकटते, कशी सुटते, हे जगाला ज्यांनी उलगडून दाखवलं तेच हे प्रांटल. घाटग्यांच्या देखरेखीखाली बनलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्येच उडालं होतं. एक मराठी माणूस विद्या आणायला जर्मनीला गेला, एक जर्मन काम शोधत इकडे आला आणि दोघे एका छताखाली भेटले. ही भेट मला नेहमीच हलवून टाकते.

"मारुतचे पंख बाणासारखे मागे झुकलेले होते," मी सांगितलं.

"पाकोळीसारखे?"

"दिसायला तसेच. पाकोळीही वेगात असली की पंख मागे ओढून घेते. पण विमानाचं कारण निराळं. राजूर घाट आठव. गाडी सरळ चढावर घातली तर बैल गुडघे टेकतील. म्हणून रस्ता तिरपा, वळणं घेत जातो. डोंगर तोच, पण चढ सौम्य लागतो. पंखाची पाठही अशीच टेकडी असते. तिच्यावरून जाताना हवेला धाव घ्यावी लागते, त्यामुळे विमान आवाजाच्या आत असतानाच पंखावरची हवा आवाजाच्या वेगाला भिडते. तिथे ती मघाची भिंत उभी राहते आणि विमानाला मागे खेचते. पंख झुकवला की हवा तिरपी जाते, टेकडी सौम्य होते, भिंत लांबणीवर पडते." मागे झुकलेल्या पंखाची कल्पना जर्मनीच्या बुझेमान यांनी १९३५ मध्ये रोमच्या परिषदेत मांडली, तेव्हा घाटगे गटिंगनलाच शिकत होते.

पुढचा भाग मुलांना सगळ्यांत आवडला. टँकनी आधी लाकडाचं विमान बनवलं, अगदी खऱ्याच्या मापाचं, दोन जणांचं, इंजिनाशिवाय. डाकोटा विमानाने ते दोरीने ओढत वर न्यायचं आणि सोडून द्यायचं. मग ते घारीसारखं तरंगत खाली उतरायचं. १९५९ च्या एप्रिलपासून अशी ७८ उड्डाणं झाली. खरं मारुत १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी उडवलं.

"मग ओलांडला आवाज?"

इथे माझा स्वर उतरतो, दर वेळी उतरतो. आकार अगदी नेमका होता. इंजिनं मात्र नॅट या चिमुकल्या विमानाच्या जातीची बसवावी लागली. टँकनी ज्या ताकदवान इंजिनाच्या भरवशावर सगळं आखलं होतं, ते पुरं करायला ब्रिटिश कंपनीने पैसे मागितले आणि आपल्या सरकारने ते दिले नाहीत. मला तो नकार आजही पटत नाही. इजिप्तमध्ये ऑस्ट्रियाच्या ब्रँडनर यांनी घडवलेलं इंजिन मारुतला लावून पाहिलं, तेही तडीस गेलं नाही. जोरदार इंजिनाच्या खटपटीतलं मारुत उडवताना १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास गेले. सरळ उड्डाणात मारुतने आवाज कधीच ओलांडला नाही. तरी १४७ विमानं बनली, १९७१ च्या युद्धात ती राजस्थानच्या आघाडीवर लढली, आणि एक इंजिन निकामी झालेली दुसऱ्यावर तळाला परतली.

"आता कुठे आहे ते?" नातीने हळूच विचारलं.

"एक मुंबईला, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात. आणि एक जर्मनीत, म्युनिकजवळच्या संग्रहालयात. टँक १९८३ मध्ये म्युनिकलाच वारले."

नातवाने आसूड उचलला. बहिणीला म्हणाला, "तू पार बांधावरच्या निंबाखाली जा. मी इथून वाजवतो. आधी काय कळतं ते सांग."

ती पळाली. उजेड उतरत होता, तिचा फ्रॉक तेवढा दिसत होता. त्याने हात मागे नेला, झटका दिला. क्षणभराने लांबून तिची हाक आली, "दादा, हात आधी दिसला! आवाज मागून आला!"